आजोबांना कधी विकायचं

लिओ तुस्कानोला खोटं बोलता येत नाही, असं त्याची बायको जोसेफिन कौतुकाने सांगायची. म्हणूनच की काय, त्याने खोटं बोलायच्या भानगडीत न पडता नुसतं गप्प राहायचं ठरवलं. ते त्याला इतकं झकास जमलं, की फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत त्याच्या सोळा वर्षांच्या लेकीला, करेनला, कशाचाही पत्ता लागला नाही.

तिकडे आखातात, सिलिकॉन ओएसिसमधल्या ज्या कंपनीत लिओ हॉटेल बुकिंगचं सॉफ्टवेअर सांभाळायचा, तिने त्याला सप्टेंबरनंतर ठेवणार नसल्याचं कळवलं होतं. नोकरी गेली की व्हिसा जाणार, मग अल बर्शातलं घर, आणि करेनची अकरावी अर्ध्यावर टाकून सगळ्यांनी वसईला परतायचं. दुसरीकडे अर्ज करून झाले होते, पण ‘इन्शाल्ला, कॉल करू’ याच्यापुढे गाडी सरकली नव्हती. जोसेफिनला त्याने त्याच दिवशी सांगितलं. करेनचे मात्र दहावीचे पेपर होऊ देत म्हणाला. पेपर झाले, तेव्हा म्हणाला निकाल लागू दे. तोही छान लागला. मग म्हणाला, शाळेला सुट्टी पडू दे. आता सुट्टीही पडली होती आणि लिओजवळची कारणं संपली होती.

त्यात ती टीम. पाच-सहा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका अमेरिकन साहेबाने फॅन्टसी बेसबॉलची लीग काढली होती. प्रत्येकाने अमेरिकेतले खरे खेळाडू निवडून आपली कागदी टीम बनवायची, ते तिकडे खेळले की इकडे आपल्याला गुण. लिओला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. साहेबाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तो शिरला आणि घरी येऊन त्याने करेनला साकडं घातलं. तेव्हा दहा-अकरा वर्षांची असलेली ती पोर त्या खेळात अशी बुडाली, की महिन्याभरात बापाला शिकवायला लागली. गावाकडच्या सुकवलेल्या केळ्यांवरून टीमचं नाव तिनेच ठेवलं, ‘वसई सुकेळी’. साहेबाला ते अजून नीट उच्चारता येत नाही.

एकदा घेतलेला खेळाडू वर्षानुवर्षं ठेवता येतो, असा त्या लीगचा कायदा. दुसरा कायदा असा, की ऑफिस सोडलं की टीम सोडायची. ती जागेवर येणाऱ्या नव्या माणसाला मिळते. हा दुसरा कायदा करेनला ठाऊक नव्हता. आजवर कधी तशी वेळच आली नव्हती.

यंदा सुकेळी तळाला होती. अशा वेळी जाणते लोक पुनर्बांधणी करतात, म्हणजे भाव आहे तोवर म्हातारे खेळाडू वरच्या टीमांना द्यायचे, बदल्यात कोवळी पोरं घ्यायची, दोन वर्षं मार खायचा आणि तिसऱ्या वर्षी जिंकायचं. सुकेळीकडे एक चाळिशीचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता, करेन त्याला ‘आजोबा’ म्हणायची. ऑफिसातला फरदीन एप्रिलपासून त्याच्यावर डोळा ठेवून होता. “लिओभाई, बुड्ढा मुझे दे दो, दो लडके ले लो,” असं तो कँटीनमध्ये रोज म्हणायचा. करेनही तेच म्हणत होती. लिओचं उत्तर ठरलेलं, “जरा थांबू या.”

कारण एकदा आजोबा विकले, की करेन पुढच्या तीन वर्षांचे बेत मांडणार. त्या बेतांना मान डोलवायची हिंमत त्याच्यात नव्हती, आणि खरं सांगायची तर त्याहून नव्हती. दर आठवड्याला टीम हरायची, आणि लिओच्या छातीवर आणखी एक धोंडा पडायचा.

जुलैतल्या एका शनिवारी, अदलाबदलीची मुदत संपत आली असताना, करेन त्याच्याजवळ येऊन बसली. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत एसी घरघरत होता. जोसेफिन स्वयंपाकघरात मासे साफ करत होती.

“डॅडी, आय मेस्ड अप,” करेन म्हणाली.

“काय झालं?”

“द टीम. मार्चमध्ये आय पिक्ड ऑल द राँग गाइज. दॅट्स व्हाय यू डोंट ट्रस्ट मी नाऊ, राइट? इट्स ओके. आय ॲम सॉरी.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. जोसेफिन दारात आली आणि लिओकडे बघत राहिली. लिओला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प तो राहिला होता आणि माफी पोरगी मागत होती.

“तुझं काही चुकलं नाही गं,” तो म्हणाला. “माझी नोकरी सप्टेंबरला खलास. आपल्याला वसईला जावं लागणार. मला फेब्रुवारीपासून माहीत आहे.” आणि एकदाचं तोंड उघडलंच होतं म्हणून त्याने टीमचंही सांगून टाकलं.

करेन आईकडे वळली. “यू न्यू?” जोसेफिनने मान खाली घातली. करेन उठली, खोलीत गेली, दार लावून घेतलं. लिओला वाटलं, तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. जेवणाच्या टेबलावर तिची खुर्ची रिकामी राहिली, आणि लिओने आवडीचं पापलेट तसंच झाकून ठेवलं.

संध्याकाळी दार उघडलं. करेनचे डोळे सुजले होते. तिने हात पुढे केला. “युअर फोन.”

लिओने फोन दिला.

“हू गेट्स अवर टीम?”

“माझ्या जागेवर जो येईल तो. मला माहीत नाही.”

ती सोफ्यावर बसून फोनवर बोटं चालवत होती. फरदीनला आजोबा गेले, दोन पोरं आली. मग तिने दुसरा म्हातारा काढला, तिसरा काढला.

“अगं, आता कशाला? आपल्याला काय मिळणार त्यातून?”

“नथिंग. पण त्या माणसाला गुड टीम मिळेल. ही वोंट नो एनीवन.” तिने मान वर केली. “फेब्रुवारीत सांगितलं असतं ना डॅडी, तर आपण हे सगळं टुगेदर केलं असतं.”

एवढं वाक्य तिने जवळजवळ सगळं मराठीत म्हटलं होतं. सुकेळी यंदा हरणारच होती, त्याचं लिओला काही वाटत नव्हतं. पण लेकीबरोबरचे या घरातले शेवटचे महिने त्याने तिच्यापासून तोंड लपवण्यात घालवले होते, आणि ते आता कुणाशीही अदलाबदल करून परत मिळणार नव्हते.

“सरक जरा,” तो म्हणाला आणि तिच्याशेजारी होती तेवढ्या जागेत टेकला. “दाखव, आता कोण राहिलंय?”

करेन सरकली नाही. पण तिने फोन दोघांना दिसेल असा मध्ये धरला.