हेमांगीने बसवलेली डावीकडची काच

आमच्या कळव्याच्या कोळीवाड्यात गाड्या आता पुष्कळ झाल्यात. पण गाडीच्या दरवाज्याची काच स्वतःच्या हाताने बसवलेली बाई एकच, आणि ती माझी बहीण हेमांगी. मोठा भाऊ म्हणून कौतुक करतोय असं वाटत असेल, तर वाड्यात येऊन कोणालाही विचारा.

मी उत्तम. ठाण्याला खोपटच्या एसटी डेपोत कंडक्टर. शाळा नववीपर्यंत, पण भर गर्दीत एक तिकीट चुकलेलं नाही माझं. मला गाडी चालवता येत नाही. चालवणाऱ्याला सांगता मात्र येतं, आणि ते काम काही सोपं नाही.

हेमांगी माझ्याहून बरीच लहान. लहानपणी ती बाबाबरोबर होडीत जायची. आमचा बाबा, परशुराम, खाडीतला जुना माणूस. मी पण दोन-चार वेळा गेलेलो, पण मला होडी लागायची. हिला कधीच लागली नाही. दहावी झाल्यावर काही वर्षांनी तिचं लग्न आंबिवलीला लावून दिलं. नवरा चांगला होता. कावीळ झाली आणि गेला. दिवसकार्य झाल्यावर सासरच्यांनी विचारलं, आता पुढे काय? ती म्हणाली, घरी जाते. भांडली नाही, काही मागितलं नाही. आल्यावर थोड्याच दिवसांत आईच्या जागेवर बाजारात मासळी घेऊन बसली. लोक म्हणाले, पोरीचं नशीब फुटकं. मी म्हणालो, नशीब फुटलं असेल, पोरगी फुटलेली नाही.

मग खाडीत मासा राहिला नाही. जाळ्यात पिशव्याच जास्त यायला लागल्या. बाबाने होडी विकली आणि जुनी लाल गाडी घेतली. वाडा हसला. पण बाबाला ती होडीच्या जागी होती. पाऊस तोंडावर आला की होडी ओढून तिच्या तळाला डांबर देतात, तसा हा गाडीखाली आडवा व्हायचा, डांबराचा डबा घेऊन. नारळी पुनवेला गाडीला हार. हेमांगीला गाडी शिकवली ती पण त्यानेच, मिठागराच्या मोकळ्या जागेत. मी मागच्या सीटवर बसून सूचना देत होतो. पाच-सहा दिवसांत तिला जमलं. सूचनांचा फरक पडतोच.

त्यानंतर बाबाला झटका आला. उजवी बाजू गेली. उजवा पाय काठीसारखा ताठ, बोलणं तुटक, एकेक शब्द. वर्षभरात किडन्यांनी पण हात टेकले. मग ठाण्याला डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. मानेत नळी घातलेली, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, नळीला पाण्याचा थेंब लागता कामा नये.

न्यायची हेमांगी. सकाळी बाजार, दुपारी बाबा. पाय ताठ असल्यामुळे तो मागे बसू शकत नव्हता. पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवली की कसाबसा मावायचा. रिक्षात पाय दुमडत नाही. भाड्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबते, आणि तिथपर्यंत त्याला चालता यायचं नाही. ॲम्ब्युलन्स म्हटली की तो तोंड फिरवायचा. त्याचा धाकटा भाऊ ॲम्ब्युलन्समध्ये बसून गेला तो परत आलाच नव्हता.

आणि एक गोष्ट होती. गाडी खाडीच्या पुलावर आली की बाबा डाव्या हाताने दरवाज्याचं हँडल फिरवायचा, काच खाली घ्यायचा, वारा घ्यायचा, पूल संपला की काच वर. आंघोळ दुसऱ्याने घालायची, घास दुसऱ्याने भरवायचा. स्वतः करण्यासारखं त्याच्या हातात तेवढंच उरलेलं. पावसात पण करायचा, बोटभर फट ठेवून. हेमांगी फक्त त्याच्या मानेवर टॉवेल नीट करायची.

तीच काच फुटली. श्रावणात एक दिवस हेमांगी बाबाला बसवायच्या आधी सीट पुसत होती. तिने दरवाजा लावला, तर काच तिरकी होऊन आत घसरली आणि फुटली. खडीसाखरेसारखे तुकडे सगळीकडे. त्या दिवशी तिने खिडकीला प्लास्टिक चिकटवलं आणि निघाली. पुलावर वाऱ्याने प्लास्टिक उडालं, पाऊस सरळ आत. बाबाच्या मानेवर छत्री धरत ती अर्ध्यातून परत आली. डायलिसिस चुकलं.

पुढचा वार यायच्या आधीच त्याचे पाय सुजून गच्च झाले. दोन शब्द बोलला की धाप. डॉक्टर फोनवर म्हणाले, आणखी एक चुकलं तर पाणी फुफ्फुसात जाईल, मग आमच्या हातात काही नाही. गॅरेजवाला म्हणाला, गाडी जुनी, काच मागवावी लागेल, पुढच्या आठवड्यात बघू. आणि डायलिसिस दुसऱ्याच दिवशी दुपारी होतं.

हेमांगी म्हणाली, "मी बसवते."

आई म्हणाली, "हेमे गो, पापलेट कापायचंय काय ते? काच हाय."

"पापलेटला काटा असतो गं. काचेला तो पण नाय."

सकाळी बाजार सोडून ती शीळफाट्याकडे भंगारात गेली. तिथे धोंडीबा म्हणून एक जण मोडलेल्या गाड्यांचे भाग विकतो. त्याने आमच्यासारख्याच गाडीची डावी काच काढून दिली आणि विचारलं, मेकॅनिक कुठला? ही म्हणाली, "तुमच्यासमोर उभाय." धोंडीबाने काच गोणपाटात गुंडाळली आणि वर सांगितलं, आपटू नका, कोपऱ्यावर आपटली की संपली. रिक्षाने येताना तिने ती काच मांडीवर धरून आणली, लहान पोर आणतात तशी.

मी त्या दिवशी रजा टाकली. अशा कामाला घरातला मोठा माणूस लागतो.

पाऊस थांबलेला. गाडी घरासमोर. बाबाला ओट्यावर खुर्चीत बसवलेलं, कारण आत बसायला तो तयार नव्हता. हेमांगीने मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि कामाला लागली. काच वर-खाली करायचं हँडल आधी काढावं लागतं. त्याच्या मागे एक बारीक क्लिप असते. व्हिडिओतला माणूस फडकं घालून ती उडवत होता. हिचं फडकं आत जाईना. मग तिने बाबाच्या जाळ्याचा तंगूस, तो नायलॉनचा दोरा, घेतला, हँडलच्या मागून फिरवून दोन्ही टोकं ओढली, टक् करून क्लिप बाहेर. बाबा खुर्चीतून म्हणाला, "हां." त्याचा एक "हां" म्हणजे बाकीच्यांचं भाषण.

पुढे आतलं पॅनल. स्क्रू काढले, कडेने बोटं घालून ओढलं, ते फटाफट सुटलं. त्याच्या मागे चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. हेमांगीने तो खालून सोडवला आणि आतलं पाणी भसकन तिच्या मांडीवर आलं. काळं, गंजकट पाणी, त्यात काचेचे तुकडे.

"दादा, एवढं पाणी कुठून?"

"पाऊस पडतोय महिनाभर," मी म्हणालो.

"पाऊस सगळ्यांच्या गाडीवर पडतो."

खरं म्हणजे पाणी आम्हाला माहीत होतं. वळणावर दरवाज्यातून खळखळ आवाज यायचा, आणि आई म्हणायची, गाडीला खाडीची आठवण येते. आम्ही हसायचो. आता हेमांगीने हात आत घालून चाचपलं. काच खाली ज्या पट्टीत बसते, ती पट्टी एका बाजूने गंजून पापुद्रे झालेली. त्यामुळेच काच सुटली होती. मग तिने दरवाज्याच्या तळाला खालून बोट फिरवलं आणि थांबली. मला म्हणाली, "बघ."

तळाला ओळीने भोकं होती. खिडकीच्या फटीतून पाणी दरवाज्यात उतरतंच, ते निघून जायला ती ठेवलेली असतात. प्रत्येक भोकात काथ्या ठासून वरून डांबर दिलेलं. असं काम कोण करतो ते विचारायची गरज नव्हती. तळाला भोक दिसल्यावर कोळी ते बुजवणार नाही तर काय करणार? बाबाने गाडी घेतल्या घेतल्या बुजवली असतील, आणि दरवर्षी पावसाआधी वरून डांबराचा हात.

मी हळू आवाजात म्हणालो, "आत्ता काच बसव. भोकं मागाहून मी बघतो."

"मागाहून कधी? पट्टीची दुसरी बाजू पण जाईल. परत काच पडेल. परत चुकेल."

"मग काढ गुपचूप. मी त्याला आत नेतो."

तिने ओट्याकडे बघितलं. बाबा आमच्याकडेच बघत होता. होडी विकायच्या दिवसापर्यंत त्याच्या होडीत कधी पाणी झालं नव्हतं. वाड्यातली माणसं होडी उतरवताना तळ बघायला त्याला बोलवायची. सगळं गेल्यावर त्याच्याकडे तेवढाच मान राहिला होता.

हेमांगी हात पुसत त्याच्याजवळ गेली आणि खाली पायरीवर बसली.

"बाबा, दरवाज्याच्या तळाची भोकं तू बुजवलीस?"

त्याने मान हलवली. तोंडावर अभिमान होता, तो बघवत नव्हता.

"कशी बुजवलीस रे? नखभर जागा सोडली नाहीस. इतक्या वर्षांत थेंब खाली उतरला नाय."

"पानी," बाबा म्हणाला. धाप लागली. "येल."

"होडीला खालून येतं, बाबा. हिला वरून येतं. खालून जायला वाट पायजे."

त्याने दरवाज्याकडे बघितलं, तिच्या मांडीवरच्या काळ्या ओल्या डागाकडे बघितलं. मला वाटलं आता रागावेल. घड्याळ पुढे जात होतं. आई आतून म्हणाली, "कशाला सांगतंस गो त्याला?" हेमांगी जागची हलली नाही.

मग बाबाने डावा हात पुढे केला. "सुरी."

आईने जाळी साफ करायची जुनी बोथट सुरी दिली. आम्ही दोघांनी त्याला उचलून दरवाज्याजवळ पाटावर बसवलं, ताठ पाय लांब करून. मानेवरचा टॉवेल हेमांगीने नीट केला. त्याने डाव्या हाताने डांबर खरवडायला सुरुवात केली. मध्येच दम लागायचा, थांबायचा, परत सुरू. मी म्हणालो, "दे, मी काढतो." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी हात मागे घेतला. पहिला बोळा निघाला आणि राहिलेलं पाणी धार लावून त्याच्या पायावर आलं. तो बघत राहिला. शेवटचा बोळा निघाल्यावर म्हणाला, "उतरलं."

बाकीचं हेमांगीने झपाझप केलं. पट्टी घासली, गंजलेल्या बाजूला पत्र्याचा तुकडा लावून पितळी तारेने आवळली, रबराच्या खाचेत साबणाचं पाणी लावलं. काच तिरकी करून वरून आत सोडली. बाहेरून मी धरली होती. मी धरली म्हणून ती सरळ बसली, हे हेमांगी पण नाकारत नाही. पट्टीत बसल्यावर तिने पॅनल परत ठोकून हँडल लावलं, पण फिरवलं नाही. बाबाला पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हणाली, "फिरव."

त्याने फिरवलं. थोडी अडखळत, करकरत काच वर गेली आणि रबरात घट्ट बसली.

आम्ही वेळेत पोचलो. नर्स म्हणाली, अर्धा तास उशीर केला असतात तर आज घेतलं नसतं. संध्याकाळी येताना त्याची सूज उतरलेली, डोकं काचेला टेकून झोपलेला.

त्यानंतर बाबा दिवाळी बघून गेला. शेवटच्या दिवशी पण त्याला ॲम्ब्युलन्स लागली नाही. दम वाढल्यावर हेमांगीने त्याच सीटवर बसवलं, मी मागे. पुलावर त्याचा डावा हात हँडलवर गेला, पण जोर राहिला नव्हता. हेमांगीने गाडी बाजूला घेतली. मागे हॉर्न वाजायला लागले, एक जण शिव्या देत गेला. तिने वाकून आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून काच खाली घेतली.

लोक म्हणाले, आता विका ती गाडी. हेमांगीने विकली नाही. वाड्यातल्या रतनकाकांचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून तीनदा त्यांना तीच नेते. पाऊस येऊन गेला की गाडीच्या डाव्या दरवाज्याखालून पाणी गळतं. आई ओट्यावरून ते थांबेपर्यंत बघत असते.