डोळे मिटले तेवढ्यात

मनोरमा बत्तीस वर्षं सरकारी इस्पितळात सिस्टर होती. शर्टाचं बटण लावताना नवऱ्याचा, गुणवंतचा, अंगठा थरथरतोय, हे डॉक्टरांच्या आधी तिनंच ओळखलं. पार्किन्सन्स. पुढे काय काय होणार हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही त्यातलं काही अडवता येणार नव्हतं. गोळ्या वेळेवर द्यायच्या, एवढंच तिच्या हातात होतं.

डॉक्टर म्हणाले, तोल सांभाळायला ताई ची चांगलं. घरी आल्यावर गुणवंतनं विचारलं, "ताई ची म्हणजे? कुठल्या ताईची?" कित्येक महिन्यांनी दोघं पोट धरून हसली.

भाईंदर पूर्वेला त्यांच्या बिल्डिंगमागच्या बागेत नेहा नावाची मुलगी हा संथ चिनी व्यायाम सकाळी सात वाजता शिकवायची. पाण्यातून फिरवावेत तसे हात फिरवायचे, एका पायावरचं वजन सावकाश दुसऱ्या पायावर न्यायचं. पहिला महिना गुणवंत जागच्या जागी अडखळायचा. तिसऱ्या महिन्यात तो भिंतीला हात न लावता गॅलरीतून वळून आत आला, आणि मनोरमा ओट्यापाशी उभी राहून बघतच राहिली. मग तोच तिला उठवायला लागला, "चल, उशीर होतोय."

नेहा मात्र मनोरमावरच वैतागायची. "आंटी, आप करती कहाँ हो? आप तो अंकल को देखती रहती हो. आँखें बंद करो, साँस नीचे छोड़ो."

मनोरमा मान डोलवायची आणि डोळे किलकिले ठेवायची. आयुष्यभर पेशंटवर नजर ठेवलेली बाई, अशी एकदम डोळे कशी मिटणार?

डिसेंबरातली एक सकाळ. रात्रभर त्याच्या पायात गोळे येत होते, तिला झोप नव्हती. नेहा पुन्हा तेच म्हणाली, आणि या वेळी गुणवंतही बोलला, "मीट की डोळे. मी काय पळून जातोय?"

तिनं मिटले. हात वर गेले, खाली आले. श्वास पोटात उतरला. गोळ्यांच्या वेळा, फिजिओचा फोन, रात्रीचं कण्हणं, सगळं कुठेतरी मागे राहिलं. आपल्याला अंग आहे आणि ते आपलंच आहे, हे तिला फार दिवसांनी जाणवलं.

आवाज मोठा नव्हता. दोरीवरून ओली गोधडी पडावी तसा. डोळे उघडले तेव्हा तो कुशीवर पडलेला होता आणि त्याचा डावा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता. खुबा मोडलाय, हे कळायला तिला एक्स-रेची गरज नव्हती.

ऑपरेशन नीट झालं, रॉड बसला. पण आजारानं तेवढ्यात पुढची उडी घेतली. तो आधाराशिवाय पुन्हा उभा राहील असं आता कुणी म्हणत नव्हतं. मुलगा निहार समजूत घालायला म्हणाला, "आई, तू काय करणार होतीस? तू तर शेजारीच होतीस ना." मनोरमा त्याच्याकडे न बघता गोळ्यांचा डबा भरायला लागली.

दोन महिन्यांनी, त्याचं अंग पुसताना, तिनं सांगून टाकलं. "अहो, तुम्ही पडलात ना, तेव्हा मला बरं वाटत होतं. खूप बरं."

गुणवंतचा आवाज आता इतका बारीक झाला होता की तिला वाकावं लागायचं. "किती वेळ?"

"असेल दोन-तीन मिनिटं."

त्याचा चेहरा आताशा हलायचाच नाही, त्यामुळे रागावला की काय, हे तिलाही वाचता येईना. मग तो म्हणाला, "रोज कर. इथेच. मला बघू दे."

तेव्हापासून पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत ती सकाळी उभी राहते. हात उचलते, वजन या पायावरून त्या पायावर नेते. तो उशीवरून बघत असतो.

"डोळे मीट," तो पुटपुटतो.

ती प्रयत्न करते. पापण्या टेकतात न टेकतात तोच उघडतात, त्याच्याकडे वळतात. त्याला हवं होतं तेवढंही तिला देता येत नाही. आठची गोळी द्यायची वेळ होईपर्यंत ती तशीच हात फिरवत राहते.