डाव्या पट्ट्यांचा ढीग

शाळेची दप्तरं शिवणाऱ्या त्या कारखान्यात बॉबिनवाल्या काकूंना बावीस वर्षांत कुणी अर्धा तास एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. खालच्या दोऱ्याच्या बॉबिनी भरायच्या, टोपलीत घालायच्या आणि सतरा मशिनींवर वाटत फिरायचं, एवढंच काम. पण फिरता फिरता काकू सगळीकडे नाक खुपसायच्या. कुणाचं पोर आजारी आहे, कापणारा कशावर अडलाय, कुठे माल तुंबलाय, हे या मशिनीचं त्या मशिनीला सांगायच्या. भोचकपणाच तो, पण कारखाना त्यावरच चालायचा.

मग मालकांची लेक शिकून आली. काकूंच्या अंगाखांद्यावर खेळलेली, मनाने सोन्यासारखी पोर. संस्था म्हणजे जिवंत शरीर, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. कोण हृदय, कोण हात, असा भलामोठा तक्ताच तिने भिंतीवर लावला. काकूंना त्यात कुठे बसवावं, हे मात्र तिला उमगेना. शेवटी प्रत्येक मशिनीलाच बॉबिन भरायची सोय झाली आणि काकूंची रवानगी पॅकिंगच्या टेबलावर. पगार तोच होता, पण काकूंना घास गोड लागेना. फिरणं गेलं म्हणजे आपणच गेलो, असं त्यांना वाटायचं.

आठव्या दिवशी दप्तरं जोडायला घेतली, तर डाव्या खांद्याच्या पट्ट्या सहाशे आणि उजव्या चाळीस. उजव्या शिवणारी तापाने घरी होती. डावीवाली आपली इमानेइतबारे डाव्याच शिवत राहिली. तिला थांब म्हणायला कुणी गेलंच नाही.

लेक मान खाली घालून काकूंपाशी आली. शरीरात निरोप नेणारंही काही लागतं हे मी विसरलेच, असं म्हणाली. "माझं चुकलं, काकू. उद्यापासून तुम्ही फिरा."

हेच ऐकायला काकू आठ दिवस तळमळत होत्या, आणि आता त्यांना तिच्याकडे बघवेना.

"तिसऱ्याच दिवशी दिसला होता मला तो ढीग," त्या म्हणाल्या. "मुद्दाम बोलले नाही. म्हटलं, घडू दे अद्दल."

लेक स्टूल ओढून शेजारी बसली. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही.

"एवढं लागलं होतं, तर मला सांगायचं नाही का?"

"सगळ्यांचं मी सांगायचे गं," काकू म्हणाल्या. "माझं सांगायला कोण होतं?"