पाद्रीबाबांची मिस्सा आणि काकूंचं हळदीकुंकू

ओल्या लोकरी कोटांना एक कोंदट वास येतो. मिशिगनच्या जानेवारीत तो माणसांबरोबर सगळीकडे हिंडतो. त्या शनिवारी दुपारी नोव्हाय गावाजवळच्या एका कॉलेजच्या छोट्या सभागृहात तो इतका दाटला होता, की पडद्यावरच्या चर्चमधल्या धुपालाही तोच वास असेल असं मला वाटत राहिलं.

सिनेमा ज्यूंच्या संहारकाळातला. गावचा पाद्री रविवारची मिस्सा म्हणतो आहे, बाहेर त्याच्याच गल्लीतली कुटुंबं ट्रकमध्ये चढवली जात आहेत, आणि त्याला सारं ठाऊक असूनही प्रार्थनेतला त्याचा एक शब्द चुकत नाही. रक्त कुठेच दिसलं नाही. मेणबत्त्यांच्या मंद, सोनेरी उजेडात प्रार्थना तेवढी चालू राहिली.

परतताना गाडी काकू चालवत होत्या. काकूंचे यजमान माझ्या नवऱ्याचे साहेब. आमचं ग्रीन कार्ड त्यांच्याच शिफारशीवर अवलंबून. मी पुढे, मागे आमच्या मराठी मंडळातल्या दोघी. सगळ्यांनी मिळून त्या पाद्र्याला पार धुऊन काढलं. "देवाचा माणूस ना मेला? मग तोंडाला कुलूप?" काकू म्हणाल्या. "मी असते ना, भर चर्चमध्ये ओरडले असते!"

पाच वाजताच काळोखायला लागलं होतं. रस्त्याकडेच्या बर्फावर शेवटचा निळसर उजेड रेंगाळत होता, आणि बोलणं हळूहळू संक्रांतीच्या हळदीकुंकवाकडे सरकलं. तिळगूळ कोण करणार, वाणाला काय लुटायचं.

"ती नवीन मुलगी आलीय ना नागपूरची, प्रज्ञा, तिला नको हं इन्व्हाइट करायला," काकू म्हणाल्या. "बुद्धिस्ट आहेत ते. त्यांच्यात हे नसतंच. उगाच सगळ्यांना ऑकवर्ड होतं. तू तिकडचीच ना गं, तुला माहीतच असेल."

माहीत होतंच की! आमचं आडनाव चार जातींत खपणारं, माझं बोलणं पुस्तकी. तेवढ्यावर 'बाई, किती शुद्ध बोलतेस!' असं कौतुक करत काकूंनी मला परस्पर आपल्यात जमा करून टाकलं होतं. माझ्या आईची सकाळ बुद्धवंदनेने उजाडते, पण ते विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

 नवऱ्याची नोकरी, व्हिसा, लेकीची शाळा, सगळं गाडीच्या काचेवरच्या वाफेत एकदम दिसून गेलं. नुसतं 'हो ना' म्हटलं असतं तरी भागलं असतं. खोटंही ठरलं नसतं. भीती वाटली, खरंच फार भीती वाटली.

"काकू, मीही त्यांच्यातलीच," मी म्हणाले.

 हीटर घरघरत राहिला, मागे कुणीतरी उगाच खोकलं. आमच्या अपार्टमेंटशी गाडी थांबल्यावर काकू समोर बघतच म्हणाल्या, "जपून जा गं, आइस आहे."

घरी नवरा लेकीला वरणभात भरवत होता. कोटही न काढता मी त्याला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, बोलल्यावर भय सरेल. ते सरलं नव्हतं. आता दोघांत वाटलं जात होतं. त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"बरं केलंस," तो म्हणाला. मग उठला, आणि दाराची कडी नीट लागली आहे ना, ते पाहून आला.