नानांनी बसवलेला ब्रेक

सायकल सगळ्यांना येते, हीच खरी पंचाईत आहे. मी तलवारबाजी केली असती तर धुळ्यातल्या लोकांनी निदान दोन मिनिटं गप्प बसून ऐकून घेतलं असतं. पण सायकल म्हटली की ज्याला त्याला तोंड फुटतं. "आम्ही लहानपणी कैची मारत शाळेत जायचो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी नुसतं "आम्ही लहानपणी" म्हटलं तरी माझी पावलं दाराकडे वळतात. ट्रॅक सायकलिंगची राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे काय असतं ते मला सगळ्यांनी समजावून सांगितलं. ज्यांनी जन्मात ट्रॅक पाहिला नव्हता त्यांनी जरा जास्तच.

मी धुळ्यात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते. सकाळी आठला उपाशीपोटी आलेली माणसं रांगेत चिडून उभी असतात, त्यांना सुई टोचायची हे माझं काम. नवरा शिरपूरला नोकरीला, शनिवारी येतो, सोमवारी जातो. घर शहराबाहेर, सुरत-नागपूर हायवेला लागून. घराच्या पुढच्या भागात सासऱ्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी त्यांच्याकडे आणतात आणि ते दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसतात. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणते, मीही नानाच म्हणते.

आता ज्यांना खरंच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रॅक म्हणजे कढईसारखा आतून उतरता, गोल रस्ता. त्यावरच्या सायकलला गिअर नसतात आणि ब्रेकही नसतो. पायडल मागच्या चाकाला जखडलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. ब्रेक मुद्दामच नसतो, कारण घोळक्यात एकीनं ब्रेक दाबला तर मागच्या सगळ्या तिच्या अंगावर येऊन पडतील. आणि लांबच्या शर्यतीत एक निर्दय नियम आहे. पुढच्या सायकली तुमच्यापेक्षा पूर्ण एक फेरी जास्त मारून मागून येऊन तुम्हाला गाठतात, त्या क्षणी पंच तुम्हाला बाहेर काढतात. शेवटच्या फेरीला घंटा वाजते, पण ती ट्रॅकवर उरलेल्यांसाठी. काढलेल्या बायका आतल्या बाजूला सायकल धरून उभ्या राहतात आणि ती घंटा प्रेक्षकासारखी ऐकतात.

राज्याच्या निवड चाचणीत मला असंच काढलं होतं. तरी मी राज्याच्या संघात आले, कारण चाचणीला आलोच होतो चार जणी, आणि त्यातली एक ताप आला म्हणून परत गेली. ही माझ्या कर्तबगारीची खरी कथा. म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत मला एकच गोष्ट हवी होती. घंटा वाजेल तेव्हा मी सायकलवर असले पाहिजे, बस. शेवटून पहिली आले तरी चालेल, पण मला कुणी बाहेर काढता कामा नये.

ही साधी गोष्ट मी कुणाच्याही गळी उतरवू शकले नाही. निवडीची बातमी फुटली आणि चौकात फ्लेक्स लागला. त्यावर मी खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी. वर सात नेते, हात जोडून, जणू सायकल तेच चालवणार होते. "खान्देशची सुवर्णकन्या" असं लिहिलेलं. सुवर्ण कुठलं, कधीचं, कुणी दिलं, विचारायची सोय नाही. मग सत्कार झाला. शाल, श्रीफळ, गुच्छ. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले आणि आल्यावर त्यांनी ते लहानपणी कैची कशी मारायचे ते सांगितलं. त्या संध्याकाळी माझा सराव होता, तो बुडाला. स्पर्धेच्या आधी खेळाडूचा सत्कार करायचा आणि त्याचा सराव बुडवायचा, ही आमची पद्धत. नंतर सत्कार करायचा तर आधी निकाल लागावा लागतो, तेवढा धीर कुणाला आहे?

शिवाय प्रश्न. "गिअरची आहे का?" नाही. "मग कशी जिंकणार?" जामनेरच्या एका आतेभावानं तर फोनवर सल्ला दिला की पुढच्याच्या चाकात चाक अडकवायचं. बँकेत कॅशिअर आहे तो, आणि मी त्याला पैसे कसे मोजायचे हे कधी शिकवलेलं नाही.

एकटे नाना काही विचारायचे नाहीत. सासूबाईंनी अर्ध्या चड्डीवरून नाक मुरडलं तेव्हाही ते गप्प राहिले आणि त्यांचं गप्प राहणं आमच्या घरात मंजुरी समजतात. खान्देशात ट्रॅक नाही, म्हणून मी पहाटे हायवेच्या कडेनं सराव करायचे. नाना मागून त्यांच्या जुन्या मोपेडवर यायचे. काठीला लाल फडकं बांधलेलं, ते एका हातात धरून. ट्रकवाल्यांनी लांबून जावं म्हणून. मला त्या फडक्याची भयंकर लाज वाटायची. रस्ता दुरुस्तीचं काम चाललंय असं दिसायचं आणि मी म्हणजे तो रस्ता. दहा वेळा सांगितलं की येऊ नका. दुसऱ्या दिवशी हजर.

निघायच्या आठवड्यात पेट्रोल पंपातून कापसाची ट्रॉली एकदम रस्त्यावर आली. ब्रेक नसलेल्या सायकलवर तुम्ही पाय उलटे रेटता, वेग हळूहळू उतरतो, पण ट्रॉलीला तेवढा वेळ कुठला? मी सायकल रस्त्याखाली उतरवली आणि सरळ बाभळीत गेले. कोपर सोललं, बाकी काही नाही. नाना मोपेड टाकून धावत आले. माझ्याकडे बघितलं, मग सायकलकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"बिगर ब्रेकनी सायकल," ते म्हणाले. "मरनं शे का तुले?"

मी त्यांना ट्रॅकचा नियम सांगितला. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, समजलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आले तर सायकल दुकानात उलटी टांगलेली. नानांनी तिला ब्रेक बसवला होता. सासूबाईंच्या जुन्या लेडीज सायकलचा, लाल रबराचा. हँडलला मूठ, तिथून तार, आणि तार जिथे जाते तिथे, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, आरपार भोक. मोटारीच्या लोखंडी बॉडीला पाडतात तसं, ड्रिलनं, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेलं. चिमटा कार्बनचा होता. कार्बनला भोक पाडत नाहीत, ते आतून उकलत जातं. हे नानांना माहीत नव्हतं आणि विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती. उलट गल्लीत चार जणांना बोलावून ब्रेक दाबून दाखवून झाला होता. चौघांनीही छान झालं म्हणून सांगितलं होतं, कारण सायकल सगळ्यांनाच येते.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. सासूबाई म्हणाल्या, "काळजीपोटी केलं ना गं त्यांनी." या काळजीपोटी आमच्याकडे माणसं काय काय मोडतात, त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पोरींची शिक्षणं मोडतात, नोकऱ्या मोडतात. माझ्या बाबतीत चिमटा. मी पान्यानं ब्रेक उतरवला, भोकावर काळी टेप लावली आणि नानांशी बोलणं बंद केलं. ते सोडायला स्टेशनवर आले, तेव्हा मी खिडकीतून दुसरीकडे बघत होते.

टेपनं कुणी फसत नाही. स्पर्धेच्या ठिकाणी शर्यतीआधी सायकल तपासतात. तपासणाऱ्या पंचांनी टेप नखानं उचलली, भोकात बोट घातलं आणि माझ्याकडे वर बघितलं.

"ये किसने किया?"

"ससुरजी ने."

त्यांनी बहुतेक खूप कारणं ऐकली असतील, हे ऐकलं नसावं. शेजारच्या पंचांना बोलावून त्यांनी भोक दाखवलं. दोघं हसले, मग गंभीर झाले, मग सायकल बाद झाली. हा चिमटा वेगात मोडला तर मी तोंडावर पडेन आणि माझ्या मागच्याही पडतील, असं त्यांनी सांगितलं. चूक काहीच नव्हतं त्यात. मी आमच्या संघाच्या व्यवस्थापकांकडे गेले. गळ्यात शिट्टी, अंगावर नवाकोरा ट्रॅकसूट. सायकलवर त्यांना आजवर कुणी पाहिलेलं नाही. ते म्हणाले, "हे आधी सांगायचं ना, ताई." मग मैदानासमोर संघाचा फोटो काढायला निघून गेले. फोटोत मला बोलवायला मात्र विसरले नाहीत.

शेवटी एका पंजाबी मुलीनं सायकल दिली. तिची शर्यत आदल्या दिवशी झाली होती. मी मागितलीही नव्हती. नुसती भिंतीला टेकून रडत होते, तर तिनं येऊन हँडल माझ्या हातात दिलं. बोलली फक्त, "गिराना मत." माझ्यापेक्षा वीतभर उंच बाई. सीट खाली खाली आणून शेवटी खाली जायला जागाच राहिली नाही, तरी माझे पाय खाली जेमतेम पोचत होते. त्या चार दिवसांत शहाणपणाचं वागणारं मला तेवढं एकच माणूस भेटलं.

शर्यत सुरू झाली. पहिल्या काही फेऱ्या मी घोळक्यात होते आणि मला उगाच वाटायला लागलं की आपल्याला जमतंय. मग पुढे कुणीतरी वेग वाढवला आणि घोळका माझ्यापासून असा सुटला की जणू मी उभीच होते. मी एकटी पडले. एकटीनं वारा कापत जायचं आणि त्या बाजी मारणाऱ्या बायका आळीपाळीनं एकमेकींच्या आडोशाला. दर फेरीला त्या समोरच्या बाजूला दिसायच्या, मग वळणावर, मग माझ्या मागच्या सरळ पट्ट्यावर. मला त्यांच्या चाकांचा आवाज यायला लागला. शिट्टी तोंडात धरलेला पंचही दिसला. मला सगळ्यांचा राग आला, फ्लेक्सचा, कैचीवाल्यांचा, व्यवस्थापकांचा, नानांचा तर सगळ्यात जास्त. त्या रागावर मी दोन-तीन फेऱ्या काढल्या, पायात दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

आणि मग मागचा आवाज कमी झाला. माझ्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे. शर्यत संपत आली होती आणि शेवटची धाव आधी कोण घेणार यावरून त्या पुढच्या बायका एकमेकींकडे बघत हळू झाल्या होत्या. पहिला डाव कुणालाच टाकायचा नव्हता. राष्ट्रीय दर्जाच्या त्या शहाण्या एकमेकींना जोखत बसल्या आणि मी बिनडोकपणे पायडल मारत त्यांच्यापासून लांब गेले. अर्धा ट्रॅक मध्ये पडला. तेवढ्यात घंटा वाजली.

ती त्यांच्यासाठी वाजली होती, हे मला कळतं. पण मी सायकलवर होते. मला कुणी काढलं नव्हतं. त्यांची शर्यत संपली, टाळ्या झाल्या, पंच खुर्च्या आवरायला लागले, आणि माझी अर्ध्याहून जास्त फेरी बाकी होती. ती मी एकटीनं पूर्ण केली. रेषा ओलांडली तेव्हा कुणी बघत नव्हतं. पाय मात्र थांबेनात, थांबवता येतच नाहीत एकदम, म्हणून आणखी दोन फेऱ्या मारत मी मोठ्यानं रडत होते. शेवटचा नंबर. मला इतका आनंद त्याआधी झालेला नाही.

घरी आले तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांचा एकच प्रश्न होता, कितवी आलीस? शेवटची, असं मी सांगितलं की लोक सांत्वन करायला लागायचे. एकानं "अनुभव मिळाला ना," असंही म्हटलं. मी कुणाला काही समजावत बसले नाही. माझं बोलणं नानांशी होतं आणि ते मी प्रवासभर तयार करून आणलं होतं. बॅग ठेवली आणि तशीच दुकानात गेले. ते मोटार उघडून बसले होते.

"तुम्ही पाडलेल्या भोकामुळे माझी सायकल बाद केली, नाना. सगळ्यांसमोर."

तारेवरचा त्यांचा हात थांबला. ते म्हणाले, "मंग कोनती सायकल चालाडी तू?"

"दुसऱ्या मुलीची."

"तिले ब्रेक व्हता?"

"नव्हता. तिथं कुणाच्याच सायकलला नसतो. शंभरदा सांगितलं तुम्हाला."

"मंग थांबनी कशी?"

इतक्या लोकांनी इतकं विचारलं होतं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. माझं तयार केलेलं भांडण तोंडातच राहिलं. मी सांगितलं की पाय हळूहळू कमी करत आणतात, सायकल चढावर नेतात, दोन फेऱ्या जातात, मग थांबते.

"आनि मोहरे कोनी पडनं ते?"

"तर आपणही पडायचं."

त्यांनी माझ्या कोपराकडे बघितलं. खपली अजून पुरती गेली नव्हती.

"मंग मना ब्रेक बराबर व्हता," नाना म्हणाले आणि हात धुवायला उठले.

माफी नाही, काही नाही. आत सासूबाईंनी त्यांचं ताट वाढलं होतं. आमच्याकडे सून सासऱ्यांच्या शेजारी बसून जेवत नाही, आधी ते जेवतात, मग आम्ही. त्या दिवशी मी इतकी चिडले होते की माझंही ताट घेतलं, पाट ओढला आणि त्यांच्या शेजारीच बसले.