लोंझोच्या बरणीतली सपात

"धुतलेला सदरा दिला होता मी तुला," डेल्फिया म्हणत होती. "इस्त्री करून. त्यावरून काही कळू नये?"

"कळलं होतं, ताई," लोंझो म्हणाला.

"मग?"

"मग मी उशीचा अभ्रा घेतला."

"माझ्या घरातून. माझ्या डोळ्यांदेखत."

"तू कॉफी ओतत होतीस. पाठ होती तुझी."

खोटं बोलायची अक्कल या माणसाला देवानं दिलीच नव्हती. मी रस्त्याच्या अलीकडे आमच्या ओसरीवर घेवडा मोडत बसले होते, आणि त्या दिवशीच्या भाजीत देठंच जास्त निघाली. डेल्फियानं पायातली सपात काढली आणि भावाला फेकून मारली. कानावर बसली. त्यानं ती उचलली, झटकली, पायरीवर नीट ठेवली आणि हॅट घालून चालता झाला.

लोंझो बर्चफील्ड आमच्या काउंटीच्या शेरीफकडे डेप्युटी होता. शेरीफकडे पथकं पुष्कळ. तळ्यात बुडी मारणाऱ्यांचं एक, काळी शिरस्त्राणं घालून दारं फोडणाऱ्यांचं एक. त्यांच्याकडे रंगवलेल्या गाड्या होत्या. माग काढणाऱ्यांचं पथक म्हणजे लोंझो, त्याची लांब कानांची हॅटी नावाची कुत्री, आणि एक दोरी. मागून चालायला नेडीन नावाची डेप्युटी असायची. ती वायरलेसवर बोलायची आणि कुत्रीच्या लाळेबद्दल कुरकुर करायची.

अशा कुत्रीला अंगावरचा कपडा लागतो, न धुतलेला. तो हुंगला की ती तेवढ्याच माणसाच्या मागे जाते, मग वाटेत अख्खी जत्रा असो. हे आमच्या खोऱ्यात पोरासोरांना ठाऊक. म्हणून तर डेल्फियानं धुतलेला सदरा दिला होता. तिचा मुलगा रेबर्न चोरीपायी तुरुंगात होता. एप्रिलात कैद्यांची टोळी हमरस्त्याकडेचं गवत कापत असताना तो पळाला आणि टेकाडावरच्या रानात शिरला. दारं फोडणारे बंदुका घेऊन निघायच्या तयारीत होते. त्यांच्याआधी आपण गाठावा म्हणून लोंझोनं त्याच्या उशीचा अभ्रा उचलला. बेल्टनच्या पडक्या तंबाखूच्या कोठारात भाचा सापडला, थंडीनं काकडलेला. मामानं आपला कोट त्याला घातला, नि मग बेड्या.

शिक्षा वाढली. दुसऱ्या हिवाळ्यात रेबर्न तुरुंगातच न्यूमोनियानं गेला. पुरताना लोंझो चर्चच्या कुंपणाबाहेर हॅट हातात धरून उभा होता. आत ये, असं कोणी म्हणालं नाही. मीही नाही.

त्यानंतर दर शनिवारी तो बहिणीच्या कठड्यावर ताकाची बाटली ठेवायचा. डेल्फिया ती डुकरांना ओतायची. आमच्या खोऱ्यात इतकी गुटगुटीत डुकरं दुसऱ्या कोणाची नव्हती. आणि घरात ती न धुतलेली चिंधी ठेवीना. सकाळी उठली की चादरी, अभ्रे, झगा, सगळं उकळत्या पाण्यात. पुन्हा कोणी तिच्या घरातून काही उचलून न्यायचं नाही.

मग तिचं डोकं घसरायला लागलं. आधी रेबर्नचं ताट मांडायला लागली. मग एक दिवस झग्यावरच रस्त्यात उभी राहून मला विचारलं, "गवतवाले गेले का गं पुढे?"

अशा विसराळू म्हाताऱ्यांसाठी शेरीफच्या ऑफिसात एक फळी होती. घरच्यांनी त्यांचा वापरलेला कपडा आणून द्यायचा, तो लोंझो घेवडा टिकवायच्या काचेच्या बरणीत बंद करून ठेवायचा. माणूस हरवला की बरणी उघडायची. फळीवर निम्मं खोरं होतं. डेल्फिया नव्हती.

मी त्याला म्हटलं, "सकाळी तिनं पाणी तापत ठेवलं की मी अभ्रा काढून आणते. तिला पत्ता लागायचा नाही."

"नको, ईडामावशी. एकदा न विचारता घेतलाय."

"आणि थंडीत कुठे निघून गेली तर?"

त्याला झोप लागत नव्हती हे डोळ्यांवरून दिसत होतं.

पण लगेचच्या शनिवारपासून तो ताक ठेवून पायरीशी उभा राहून विचारायला लागला. "ताई, तुझा एखादा कपडा देतेस?"

"कशाला?"

"बरणीत ठेवायला."

"मी काय लोणचं आहे?"

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. कधी ती त्याला ओळखायची आणि शिव्या द्यायची. कधी गॅसवाला समजून सिलिंडर मागे ठेव म्हणायची. नोव्हेंबरात एकदा त्यानं विचारलं, तशी ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. वाकली, पायातली सपात काढली आणि मारली. नेम चुकला, वय झालेलं. लोंझो ती उचलून पायरीवर ठेवायला गेला.

"तिथं ठेवलीस तर दुसरी मारीन," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तो सपात घेऊन माझ्याकडे आला. "मावशी, हे दिलं म्हणायचं की मारलं?"

"तुमच्या घराण्यात दोन्ही एकच," मी म्हटलं. "बरणीत घाल."

डिसेंबरात बर्फाळ पाऊस लागला आणि डेल्फिया घरात नव्हती. दार उघडं, दोरीवर चादरी गोठून फळ्यांसारख्या झालेल्या, पलंगावर धुतलेला अभ्रा. हुंगायला अख्ख्या घरात काही नाही. लोंझोनं बरणी उघडली. हॅटीनं सपातीत नाक खुपसलं आणि ती टेकाड चढायला लागली.

पुढचं मला नेडीननं सांगितलं. लोंझोचं हृदय तेव्हाच डॉक्टरांच्या शिव्या खात होतं. दोन झाडं गेली की हा तिसऱ्याला टेकायचा, पण दोरी सोडेना. हॅटीनं त्यांना नेलं ते बेल्टनच्या कोठारात. डेल्फिया तंबाखू वाळत टांगायच्या काठ्यांच्या ढिगावर बसली होती, ओठ निळे. लोंझोनं आपला कोट काढून तिला घातला.

"रेबर्न सापडला का?" तिनं विचारलं.

"सापडला, ताई. इथेच सापडला."

"थंडी वाजत होती त्याला?"

"हो."

"मग कोट दिलास की नाही?"

"दिला."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि उठली. नेडीन म्हणाली, उतरताना कोण कोणाला धरून होतं ते कळत नव्हतं.

वाटलं, आता तरी मिटलं. दुसऱ्या दिवशी तिला काही आठवत नव्हतं. अभ्र्याचं मात्र आठवत होतं. तिच्यासाठी लोंझो पुन्हा चोरच. पण शनिवारी त्यानं विचारलं की सपात यायची. वास शिळा होतो म्हणून तो जुनी परत आणायचा, पायरीवर ठेवायचा, आणि नवी खायचा.

डॉक्टरांनी त्याला टेकाड बंद केलं. हॅटी नेडीनला मिळाली, लाळेसकट. मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी लोंझो कॉफी पिता पिता गेला. त्याच्या आधीच्या शनिवारी मी ओसरीवर होते. तो नेहमीसारखा आला. चेहरा राखेसारखा होता, पायरीशी थांबून त्यानं दम घेतला. ताक कठड्यावर ठेवलं, जुनी सपात पायरीवर.

"ताई, कपडा देतेस?"

"मेल्या चोरा," डेल्फिया म्हणाली आणि सपात मारली. खांद्याला लागली.

त्यानं ती चिमटीनं उचलली, बरणीत घातली, झाकण घट्ट फिरवलं. माझ्याकडे बघून हॅटला बोट लावलं. मग गाडी ऑफिसकडे वळवली आणि बरणी नेडीनच्या हातात दिली, तिनं ती फळीवर डेल्फियाच्या जागी ठेवली.