एकटीची गादी

मॅट्रिकचा निकाल लागला, अमरावतीच्या कॉलेजात माझं नाव घालायचं ठरलं, आणि आमच्या घरात सगळ्यात मोठा प्रश्न उभा राहिला तो अंथरुणाचा. पोरीला शिकवायचं की नाही यावर बाबांनी जेमतेम दोन संध्याकाळी घालवल्या असतील. अंथरुणावर मात्र अख्खा मे महिना गेला. मुलींच्या वसतिगृहातून कळवलं होतं की खोलीत लोखंडी खाट मिळेल. गादी, उशी, पांघरूण ज्याचं त्याने आणावं.

आमच्या घरी गादी नव्हती असं नाही. एक होती, पाहुण्यांची. ती माळ्यावर घडी करून ठेवलेली असे आणि जावई नाही तर एखादा साहेब आला की खाली उतरे. बाकी आम्ही सगळे वाकळांवर. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून आई त्या शिवायची. संध्याकाळची भांडी आवरली की मधल्या घरात वाकळा एका रांगेत पडत, आणि त्या रांगेत माझी जागा ठरलेली होती, आई आणि भिंत यांच्या मध्ये. आईला झोपेत हात टाकायची सवय होती. तो हात जड होता. बांगड्यांसकट अंगावर येऊन पडायचा. उन्हाळ्यात मी तो उचलून बाजूला ठेवायची, आणि थोड्या वेळाने तो परत यायचा. तेव्हा मला त्याचा फार वैताग यायचा.

बाबांनी होकार दिला होता, पण त्याला शेपूट होतं. "एक वरीस जाऊ दे. मंग पाहू," असं ते म्हणाले होते. मग पाहू म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. शिरपूरकडचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि ते लोक वर्षभर थांबायला तयार होते. मला एक वर्ष नको होतं, पदवीपर्यंतची सगळी वर्षं हवी होती. पण बाबांसमोर ते बोलायची माझी छाती नव्हती, आणि आईची तर कधीच नव्हती. आई बाबांशी बोलायची ती बैलांच्या पेंडीबद्दल, नाही तर मिठाबद्दल.

आमचं गाव कामरगावच्या पुढे, आडबाजूला. मोठी खरेदी म्हटली की कारंजा. एका सकाळी बाबांनी बंडी जुंपली, आई आणि मी मागे बसलो. आई कारंज्याला वर्षातून एखाद्या वेळी जायची, त्यामुळे तिने नाकातली नथ घातली होती आणि वाटभर ती हाताने चाचपत होती. आधी आम्ही पत्र्याची ट्रंक घेतली. दुकानदाराने गुलाबाची फुलं रंगवलेली लाल ट्रंक पुढे केली, मी हट्टाने बिनफुलांची काळी घेतली. मग गादीच्या कापडाच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने एक नजर ट्रंकेवर टाकली, एक माझ्यावर, आणि काही न विचारता लाल छिटाचे गठ्ठे उलगडायला सुरुवात केली.

"तारीख कधीची हाये, भाऊ?"

"जूनची," बाबा म्हणाले.

"अशा पावसापाण्यात काहून धरली?"

"आपल्या हातात हाये काय ते? वरूनच ठरते."

"तेबी खरं. गाव कोणतं?"

"अमरावती."

"वा! शहरात देल्ली पोरगी. पोरगा काय करते?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "कोणता पोरगा?"

छिट उलगडता उलगडता दुकानदाराचा हात थांबला. मी मान खाली घातली आणि हसू दाबण्यासाठी ट्रंकेची कडी उघडझाप करत राहिले. सगळा उलगडा झाल्यावर त्या माणसाला माझ्याबद्दल आदर वगैरे काही वाटला नाही. तो म्हणाला, "कालेजात? मंग गादी कायले पायजे? पोट्टीले शिकाले धाडून राह्यले का झोपाले?" पण त्याची चूक मी कशी काढू? आमच्याकडे पोरीसाठी ट्रंक आणि गादी एकदमच घेतली जायची, आणि ती एकाच कारणासाठी.

त्याने तयार गाद्या दाखवल्या. आईने एकीवर मूठ दाबली. आत गोळे लागले. तिने मान हलवली आणि पदराआडून बाबांना म्हणाली, "घरी कापूस हाये."

"कोणता?" बाबांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांना उत्तर कळलं असावं, कारण त्यांनी दुकानदाराला तयार गाद्या परत ठेवायची खूण केली.

त्या कापसाची गोष्ट सांगायला हवी. कापसाची पहिली वेचणी ज्या दिवशी असते, त्या दिवशी आमच्याकडे शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. सीतादही म्हणतात त्याला. त्या दिवशी वेचलेल्या कापसातला ओंजळ-दोन ओंजळी कापूस आई दरवर्षी बाजूला काढायची. घरीच सरकी काढायची आणि कडुनिंबाचा पाला घालून एका गाठोड्यात बांधून ठेवायची. मी जन्मले त्या वर्षापासूनचा तो कापूस होता. माझ्या लग्नाची गादी त्यातून भरायची होती. घरात कोणाला जखमेवर लावायला बोळा लागला तरी आई त्या गाठोड्याला हात लावू देत नसे. दुसरा कापूस शोधून आण म्हणायची.

दुकानदाराने विचारलं, "किती फाडू?" बाबा म्हणाले, "जोडाच्या गादीचं फाडा." आणि आमच्याकडे न पाहता पुढे म्हणाले, "वरीसभर घडी घालून वापरीन. मंग लगनालेबी तेच होईन." आईने फक्त कापड निवडलं, पांढऱ्यावर निळ्या पट्ट्यांचं. परत येताना बंडीत मी त्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसले होते आणि मला रडू येत होतं. ट्रंक माझ्या मनासारखी मिळाली होती, वसतिगृहात जायचं ठरलं होतं, तरी त्या कापडात माझं एकच वर्ष मोजून फाडलं होतं.

चार-आठ दिवसांनी पिंजारी आला. तो दर उन्हाळ्यात आमच्या गावात यायचा, खांद्यावर भलीमोठी धनुकली घेऊन. अंगणातल्या निंबाखाली त्याने ती दोरीने फांदीला टांगली, आईने गाठोडं आणून सोडलं. इतक्या वर्षांचा कापूस, खालचा पिवळसर पडलेला, वरचा पांढराशुभ्र. लाकडी मुठीने पिंजारी धनुकलीच्या ताणलेल्या तातीवर ठोके द्यायला लागला आणि टुंग टुंग आवाजाबरोबर कापूस फुलून उडायला लागला. आत्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. ती बाबांची थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, आणि घरातला शेवटचा शब्द बहुधा तिचाच असे. कापूस उडायला लागल्यापासून तिचं तोंड सुरू झालं होतं.

"लगनाचा कापूस लगनाआंधी पिंजू नये. लगन लांबते पोट्टीचं. पण माह्यं आयकते कोण!"

पिंजाऱ्याने ढीग एका बाजूला लोटला, नाकावरचं फडकं खाली केलं, खोळीचं कापड उचललं आणि विचारलं, "हां, तं खोय कशी शिवू? जोडाची का एकटीची?"

"जोडाची," आत्या ओट्यावरून म्हणाली. बाबा खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही, म्हणजे त्यांचंही तेच होतं.

आई स्वयंपाकघरातून आली. भाकरी थापत होती, दोन्ही हात पिठाचे.

"एकटीची," ती म्हणाली.

पिंजाऱ्याला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. त्याने बाबांकडे पाहिलं. आईने परत सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. "एकटीची शिव. खाटेच्या मापाची. अन् कापूस सगया घाल."

"सगया?" आत्या उठून उभीच राहिली. "अन् मंग लगनाले काय भरशीन? कडबा?"

"लगनाच्या वक्ती लगनाचं पाहू, बाई."

अडकित्ता थांबला. माझ्या आठवणीत आईने बाबांसमोर, चार माणसांत, स्वतःचं म्हणून काही सांगितलं ते त्या दिवशी. पिठाचे हात तिने लुगड्याला न लावता तसेच पुढे धरले होते. बाबांनी त्या हातांकडे पाहिलं. मग ते पिंजाऱ्याला म्हणाले, "टाके जरा जवय घाल. इतका कापूस म्हणजे फाटन ते." आणि परत सुपारी कातरायला लागले. मी घरात पळाले आणि कणगीमागे उभी राहून रडले. आनंदाने रडतात हे मला तोवर खोटं वाटायचं.

दोघांचा कापूस एकटीच्या खोळीत कोंबल्यावर जे व्हायचं तेच झालं. ती गादी म्हणजे निव्वळ प्रकरण होतं. गुंडाळली तर गुंडाळी होईना, दोरी बांधली तर दोन्ही बाजूंनी पोट बाहेर. कारंज्याच्या स्टेशनात ती छोट्या गाडीच्या दारातून आत जाईना. बाबांनी आतून ओढली, आईने बाहेरून ढकलली, आणि गादी एकदाची आत गेली तशी गाडीने शिट्टी दिली. त्या गडबडीत आईचा नीट निरोप घ्यायचा राहूनच गेला. ती फलाटावर हात वर करून उभी होती आणि तिच्या केसांना आणि पदराला कापसाचे तंतू चिकटले होते.

वसतिगृहात मुली माझ्या गादीला मचाण म्हणायच्या. खाटेवर घातली की मी इतरांपेक्षा हातभर उंच. "पिकात पाखरं बसली का गं?" असं रोज कोणीतरी विचारायचंच. मीही हसायची. पण त्या उंचीवर मला पहिले कितीतरी आठवडे धड झोप आली नाही. इतकी मऊ जागा, इतकी माझी एकटीची, दोन्ही बाजू मोकळ्या. भिंतीकडे सरकून निजले तरी पाठीमागे कोणी नसायचं. मला आईची इतकी आठवण यायची की दिवसासुद्धा वर्गात बांगड्या वाजल्या तर मी वळून पाहायची.

वर्ष संपलं. बाबांनी "मंग पाहू" पुन्हा काढलं नाही. शिरपूरकडच्या लोकांनी दुसरीकडे सोयरीक जमवली, आत्याने चार दिवस अन्न गोड लागत नसल्यासारखं केलं, आणि मी पुढे शिकत राहिले.

इंटर होऊन बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना बाबा कचेरीच्या कामासाठी अमरावतीला आले, आणि सोबत आईला घेऊन आले. पुरुषांना आत यायला बंदी होती. बाबा फाटकाजवळ बाकावर बसले, आई माझ्या खोलीत आली. तिने सगळं हात लावून पाहिलं, टेबल, दिव्याचं बटण, खिडकीचे गज. शेवटी गादी. तिच्यावर तळवा ठेवून म्हणाली, "दबली नाही अजून."

"निजून पाह्य ना," मी म्हणाले.

आधी ती नाही नाही म्हणाली. मग दाराकडे एकदा पाहिलं आणि अंग चोरून आडवी झाली, जशी रांगेत झोपायची तशी, एका कडेला. आईला लहानपणी बहिणींच्या मध्ये जागा मिळाली. लग्न करून आली ती सासू आणि जावांच्या रांगेत. मग आम्ही झालो. स्वतःचं असं अंथरूण तिला जन्मात मिळालं नव्हतं. हे मला त्या दुपारी, तिला त्या कडेला पाहून कळलं. जोडाची की एकटीची, याचं उत्तर तिच्याकडे कुठून तयार होतं, तेही कळलं. थोड्या वेळाने तिचे पाय लांब झाले, ती मधोमध सरकली, आणि झोपली.

दिवसा झोपलेली आई मी कधी पाहिली नव्हती. मी खाली सतरंजीवर बसून राहिले. वसतिगृहातल्या कामवाल्या बाई दोनदा सांगायला आल्या की तुझे बाबा थांबलेत. मी ओठांवर बोट ठेवून त्यांना परत पाठवलं.

उन्हं खिडकीतून निघून गेल्यावर आई जागी झाली. घाईघाईने उठली, चादर सारखी केली, जिथे ती निजली होती तिथला खोलगट भाग तळव्याने वर थोपटला.

"लय गाढ लागली," ती म्हणाली. "एकटीनं निजलं तं अशी लागते व्हय." मग पदर सावरता सावरता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पण मधात एकदा हात टाकला, तं तू नव्हती."

आई जाऊन आता खूप वर्षं झाली. माझ्या लग्नात त्याच गादीतला कापूस पुन्हा पिंजून, आणखी कापूस घालून जोडाची गादी केली. पुढे तीही संपली. आता नवराही राहिला नाही, मुलं आपापल्या गावी असतात, घरात मोठा पलंग आहे, आणि त्यावर मी एकटी. हवी तशी पसरून झोपू शकते. तरी मी भिंतीकडे सरकून, पाठीमागची अर्धी जागा मोकळी ठेवून निजते, आणि तो जड हात अंगावर पडायची वाट पाहते. त्या दुपारी मी खालीच तर बसले होते, तिचा हात जरा खाली आला असता तर लागला असता इतकी जवळ. नुसतं उठून तिच्या कुशीत शिरायचं होतं. पण मला वाटलं, ही गादी एकटीची आहे, आज तिला एकटीला झोपू द्यावं.